कोंडवाड्याचं उघडं दार

फार मागची गोष्ट आहे बरं का, आपल्या गावात सायकलसुद्धा आली नव्हती तेव्हाची. गावचा कोंडवाडा गेनूनाना सांभाळायचा. पिकात शिरलेलं मोकाट जनावर हाकून आत कोंडायचं, हे त्याचं काम. तरुणपणी गोऱ्या पलटणीच्या छावणीत घोड्यांची चाकरी करताना तो हॉकी शिकला होता. म्हातारपणी तोच खेळ माळावर पोरांना शिकवायचा.

पोरांना गोल मारायची घाई. नाना म्हणायचा, "मारायचं नंतर. आधी अडवायला शिका." मग एखादं अवखळ वासरू सोडायचा. "झेप घेतलीत की ते बगल देऊन जाणार. काठी भुईला टेकवा, अंग तिरकं ठेवा, वासरू असो की चेंडू, नजर त्याच्यावरनं हलवू नका. त्याच्या पुढ्यात मागं मागं सरका आणि हळूच कडेला न्या." नाना असा उलट्या पावलांनी चालला की माजलेला वळूसुद्धा मुकाट कोंडवाड्यात जायचा, असं म्हणतात.

सगळ्यांना जमलं, पण बायजाला जमेना. सुताराची पोर, भारी उतावळी. दरवेळी झेपायची आणि तोंडावर आपटायची.

एका वर्षी छावणीतल्या साहेबाला घोड्यांसाठी आपला माळ हवासा झाला. नाना त्याला म्हणाला, "सामना खेळू. दिवस मावळेपर्यंत तुमचा एकही गोल झाला नाही, तर माळ आमचा." साहेब हसून कबूल झाला.

दिवसभर छावणीचे गडी धावले आणि दिवसभर पोरांनी त्यांना कडेला लावलं. दिवस डोंगराला टेकला तेव्हा त्यांचा कप्तान एकटाच सुटला, आणि पुढं राहिली फक्त बायजा. साऱ्या गावानं डोळे मिटून घेतले. पण त्या दिवशी बायजा झेपली नाही. काठी भुईला टेकवून ती मागं सरकत राहिली. तिनं त्याला गोलापासून वळवलं, कडेला नेलं, माळाबाहेर काढलं, असं करत थेट कोंडवाड्यात आणलं, असं म्हणतात. ती कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली आणि नानानं दाराला आडणा लावला, तोवर दिवस मावळलाही.

साहेब तरीही शब्द फिरवायला लागला. नाना शांतपणे म्हणाला, "कोंडवाड्याचा नियम आहे साहेब. मालकानं लिहून दिल्याशिवाय आम्ही काही सोडत नाही."

साहेबानं लिहून दिलं. माळ गावाचा राहिला.

आजही वासरू उलट्या पावलांनी कोंडवाड्यापर्यंत आणल्याशिवाय आपल्याकडं कुणाला हॉकीची काठी मिळत नाही. बाहेरचा संघ खेळायला आला की नानाचं नाव घेऊन सकाळीच कोंडवाड्याचं दार सताड उघडून ठेवतात. पाहुणे विचारतात, "हे दार कशाला उघडलंय?"

आपली पोरं सांगतात, "कळेल संध्याकाळपर्यंत."