डीनसाहेबांचा डावा कान

सहयोगी प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत डॉ. विभावरी मिठारे पार गोंधळून गेल्या होत्या. कान-नाक-घसा विभागात शिकवता शिकवता केस पिकायला आले आणि इथे उत्तर देतायत एक, ऐकू येतंय भलतंच!

त्या म्हणाल्या, "मुलं रविवारीही माझ्या वॉर्डात येऊन बसतात." डीनसाहेबांच्या डाव्या हाताला बसलेले विभागप्रमुख सबनीस वाकून काहीतरी कुजबुजले. डीनसाहेब लगेच गरजले, "मुलं तुम्हाला कंटाळलीत म्हणे!"

त्यांनी शोधनिबंध पुढे केले. पुन्हा कुजबुज. "हे तर सबनीसांनी लिहिलेत म्हणे!"

आपण नेमकी कोणाला मुलाखत देतोय, हेच विभावरीबाईंना कळेना.

शेवटी डीनसाहेब मिशीत हसले. "शिकाऊ पोरालाही येईल असं विचारतो. ट्यूनिंग फोर्क वाजवून पेशंटच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज दोन्ही कानांना सारखा यायला हवा, पण त्याला डावीकडूनच ऐकू येतोय. काय समजायचं?"

सबनीस पुन्हा वाकलेच होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बहुतेक वेळा डावा कान भरलेला असतो, सर."

"आणि इलाज?"

"साफ करायचा. पण भरणं चालूच असेल, तर साफ करून काय उपयोग?"

सबनीसांचं तोंड अजून डीनसाहेबांच्या कानापाशीच होतं.

डीनसाहेबांनी खुर्ची करकरत उजवीकडे सरकवली.

"सबनीस, तुम्ही जरा बाहेर बसा. हं, मॅडम, पहिल्यापासून सांगा. आता दोन्ही कान मोकळे आहेत."