झिपरीला दूध नको

झिपरी एवढीशी. मांजरीचं पिल्लू. शेपूट मात्र हे एवढं.

एके सकाळी झिपरीची उडी हरवली.

ओट्यावर उडी मारायला गेली. टुण... धप्प! खालीच पडली.

पोटात वाजलं. गुडगुड, गुडगुड.

हे सगळं दुधामुळे. द्वारकामावशी रोज बशीभर दूध द्यायची. झिपरी रोज प्यायची. मग पोट गुडगुड, पाय लटपट.

आज झिपरीने बशी दूर सरकवली. ढब्बू बोका टपलेलाच होता. चपाचपा, चपाचपा. दूध फस्त!

झिपरी बिचारी उपाशी. मग तिला आठवलं. परवा रवीवरून ताकाचा थेंब पडला होता. तिने तो चाटला होता. तेव्हा पोट कसं गप्प बसलं होतं.

झिपरी निघाली. दुडुदुडु, दुडुदुडु. गेली मावशीकडे.

"मावशी, मावशी, ताक दे.
ताक मिळेल, तर उडी मिळेल.
मला दूध नको."

मावशीच्या हातातली पळी पडली. ठण्ण!

"अगं बाई! मांजर, आणि दूध नको?"

"नको."

"ताक देईन गं. पण आधी रवी घुसळू दे."

दुडुदुडु, दुडुदुडु. झिपरी गेली रवीकडे.

"रवी, रवी, घुसळ ना.
रवी घुसळेल, तर ताक मिळेल.
ताक मिळेल, तर उडी मिळेल.
मला दूध नको."

रवी खुंटीवर गरकन फिरली.

"अगं बाई! मांजर, आणि दूध नको?"

"नको."

"घुसळीन गं. पण काय घुसळू, वारा? आधी दही लागू दे."

दुडुदुडु, दुडुदुडु. झिपरी गेली गाडग्याकडे.

"गाडग्या, गाडग्या, दही लाव ना.
दही लागेल, तर रवी घुसळेल.
रवी घुसळेल, तर ताक मिळेल.
ताक मिळेल, तर उडी मिळेल.
मला दूध नको."

गाडग्याचं झाकणच उडालं. खळ्ळ!

"अगं बाई! मांजर, आणि दूध नको?"

"नको."

"दही लावीन गं. पोटात कोमट दूध आहे. पण विरजण कुठाय? चमचाभर जुनं दही पडलं, तर नवं दही लागतं. आधी विरजणाची वाटी भरू दे."

दुडुदुडु, दुडुदुडु. झिपरी गेली वाटीकडे.

"वाटी, वाटी, भर ना.
वाटी भरेल, तर दही लागेल.
दही लागेल, तर रवी घुसळेल.
रवी घुसळेल, तर ताक मिळेल.
ताक मिळेल, तर उडी मिळेल.
मला दूध नको."

वाटी फळीवर गरगर गरगर फिरली.

"अगं बाई! मांजर, आणि दूध नको?"

"नको."

"भरीन गं. पण मी रिकामी. मावशीने काल सगळं दही भातावर घेतलं. विरजण ठेवायलाच विसरली. आधी विरजण घेऊन गवळण येऊ दे."

दुडुदुडु, दुडुदुडु. झिपरी गेली गोठ्यात. सुंदरा गवळण म्हशीजवळ बसली होती.

"गवळण, गवळण, घरी ये ना.
गवळण येईल, तर वाटी भरेल.
वाटी भरेल, तर दही लागेल.
दही लागेल, तर रवी घुसळेल.
रवी घुसळेल, तर ताक मिळेल.
ताक मिळेल, तर उडी मिळेल.
मला दूध नको."

सुंदराने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. 'अगं बाई' काही म्हणाली नाही.

"येईन गं. पण म्हैस अडून बसलीय. आधी म्हशीला दूध देऊ दे."

झिपरीने मान वर केली. म्हैस केवढी मोठी!

"म्हशी, म्हशी, दूध दे ना.
म्हैस दूध देईल, तर गवळण येईल.
गवळण येईल, तर वाटी भरेल.
वाटी भरेल, तर दही लागेल.
दही लागेल, तर रवी घुसळेल.
रवी घुसळेल, तर ताक मिळेल.
ताक मिळेल, तर उडी मिळेल.
मला दूध नको."

म्हशीचं रवंथ थांबलं. डोळे झाले बटाट्याएवढे.

"अगं बाई! मांजर, आणि दूध नको? माझ्या दुधाला नावं ठेवतेस?"

झिपरी घाबरली. पण खरं तेच बोलली.

"दूध छान आहे. ढब्बू बशीसुद्धा चाटतो. माझंच पोट ऐकत नाही."

"आणि ताक कुणाच्या दुधाचं?"

"तुझ्याच."

म्हैस खूश झाली. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र. कासंडी भरली.

सुंदरा खाली वाकली. हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. दूध मलाही पचत नाही. मी ताकच पिते. म्हणून माझ्याकडे रोज विरजण असतं."

झिपरीचं शेपूट फुगलं. अगं बाई! गवळण, आणि दूध नको? तिने तोंडावर पंजा दाबून धरला.

मग काय!

म्हशीने दूध दिलं, गवळण आली.
गवळण आली, वाटी भरली.
वाटी भरली, विरजण गाडग्यात पडलं.

"आता मला हलवायचं नाही," गाडगं म्हणालं. "झाकण उघडून बघायचं नाही."

झिपरी बसली. शेपूट वळवळलं. ती शेपटीवरच बसली. ऊन दारातून आत आलं. ऊन भिंतीवर चढलं. झिपरी हललीच नाही.

शेवटी दही लागलं, रवी घुसळली. घुर्रघुम, घुर्रघुम.
रवी घुसळली, ताक मिळालं. लपलप, लपलप.

सगळे कान देऊन ऐकू लागले.

गुडगुड? नाही.

गुडगुड? नाही.

टुणकन! झिपरी ओट्यावर. टुणकन! झिपरी थेट ढब्बूच्या पाठीवर.

सुंदरा संध्याकाळचं दूध घेऊन आली होती. तिने ते पाहिलं. तिने पेला पुढे केला.

"बाई, मलाही ताकच द्या. मला दूध नको."

मावशीच्या हातातली पळी पुन्हा पडली. ठण्ण!

"अगं बाई! गवळण, आणि दूध नको?"

"नको," सुंदरा म्हणाली. "ज्याचं पोट, त्यालाच ठाऊक."

मावशीने पेला काठोकाठ भरला. आणि चमचाभर दही आठवणीने वाटीत ठेवलं.

पोट गप्प, बोका गप्प, आपली गोष्टही गप्प.