तिसऱ्या यंत्रावरची एकोणीस पानं

“…आणि तिसऱ्या यंत्रानं काय सांगितलं?” दिगंबरबुवांनी विचारलं.

“तेच, बुवा. नेटवर्क ठीक, परवानग्या ठीक, नोंदींत एक चूक नाही. तिन्ही सर्व्हर ठणठणीत आहेत. पानं मुळात साठवलीच गेली नसणार.”

हा पुष्कर. मठाच्या पोथीभांडाराचे सर्व्हर सांभाळायला पुण्याहून आलेला, बुवांच्या हाताखाली शिकणारा. पोरगं हुशार, त्यात वाद नाही. फक्त ते हुशार आहे हे इतरांच्या आधी त्यालाच कळलं होतं. आणि बुवांनी संन्यास घेण्याआधी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलेली. बंद पडलेली लाइन म्हणे ते नुसत्या खरखरीवरून ओळखायचे.

भांडारात सर्व्हर तीन, पण साठा एकच. कोणत्याही दारानं आत जा, घर तेच. कुठूनही ठेवलेलं पान तिघांवर सारखंच दिसायला हवं.

मनोरमाताईंची एकोणीस पानं मात्र कुठेच दिसत नव्हती.

ताई बारा वर्षं पोथ्या स्कॅन करताहेत. ही पोथी इतकी जीर्ण, की काचेवरून उचलता उचलता पानांचा भुगा झाला. उरली ती फक्त चित्रं… तीही गेली. त्यात काल दुपारी पुष्कर भर पंगतीत, चाळीस माणसांसमोर बोलून गेला, “ताईंनी सेव्हच केली नसतील.” ताई भरल्या पानावरून उठल्या. आज सकाळी त्यांनी भांडाराच्या किल्ल्या आणून बुवांपुढे ठेवल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या.

“यंत्रांना विचारलंस. ताईंना काय विचारलंस?”

“त्यांना काय विचारायचं, बुवा? नोंदी सांगतातच की.”

बुवा ताईंकडे वळले. “तुम्ही सांगा.”

“सोमवारी वीज गेली होती, बुवा. ती आल्यावर मंगळवारी-बुधवारी मी तिसऱ्या यंत्रावर बसून ही पानं केली. बुधवारी संध्याकाळी एकोणीसच्या एकोणीस मोजली. गुरुवारी उघडून बघते तर नाहीत.”

“गुरुवारी सकाळी काय झालं रे?”

“काही नाही.” मग पुष्करला आठवलं, आणि आवाजात जराशी ऐट आली. “म्हणजे, वीज आल्यावर तिसऱ्या यंत्राला सामायिक साठा जोडलाच गेला नव्हता. तिथे त्याच नावाचा यंत्राचा स्वतःचा फोल्डर तेवढा होता. मी त्यावर साठा जोडून टाकला. एका ओळीचं काम. कोणाला पत्ताही लागला नाही.”

“तो फोल्डर रिकामा होता?”

“रिकामाच असतो, बुवा.”

“बघितलास?”

“नाही. थेट जोडला.”

बुवांनी पुष्करचा मोबाइल उचलून चौरंगावर ठेवला. मांडीवरच्या पोथीचा लाल रुमाल सोडून त्यावर अंथरला. वर पोथी ठेवली.

“चौरंगावर काय आहे?”

“पोथी.”

“आणि मोबाइल?”

“आहेच की, रुमालाखाली…” म्हणता म्हणता पुष्करला तिसऱ्या यंत्रावरचा तो फोल्डर दिसला. काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि त्या कळशावर फडकं टाकणारा हातही आपलाच.

तो उठून यंत्राशी जाऊन बसला. “ताई, तिसऱ्यावर आत्ता कोणी काम करतंय का?” दोन दिवसांत त्यांना विचारलेला हा त्याचा पहिला प्रश्न. कोणी नव्हतं. त्यानं जोडलेला साठा सोडवला आणि खालचा फोल्डर उघडला.

ताईंनी पडद्यावर बोट ठेवून मोजली. एकोणीस.

मग पुष्करनं ती पानं सामायिक साठ्यात नेली, तिन्ही यंत्रांवर उघडून पाहिली, तेव्हा कुठे श्वास सोडला. वळून बघतो तर बुवा जागचे हललेही नव्हते. म्हाताऱ्यानं कीबोर्डला बोट लावलं नव्हतं, पडद्याकडे नजर टाकली नव्हती. दोन दिवस आपण नोंदी उपसत बसलो आणि यांनी चार प्रश्नांत पानं काढून दिली. पुष्करला स्वतःची लाज वाटली, आणि या माणसाजवळ शिकायला मिळतंय याचा आनंदही झाला.

त्यानं किल्ल्या उचलल्या आणि दोन्ही हातांनी ताईंपुढे धरल्या. “ताई, माझं चुकलं. माझ्या चुकीचं खापर मी तुमच्यावर फोडलं.”

ताईंनी किल्ल्या कमरेला खोचल्या. “पानं मिळाली ना, मग झालं,” म्हणाल्या, आणि पदरानं डोळे टिपत बाहेर पडल्या.

बाहेर पंगतीची घंटा वाजली.

“आता हलकं वाटतंय, बुवा. माफी मागून टाकली.”

“कुठे?”

“इथेच. तुमच्यासमोर.”

बुवांनी पोथीला रुमाल बांधला, गाठ मारली आणि उठले.

“एकाच यंत्रावर ठेवलीस की,” ते म्हणाले. “चल. पंगत बसली असेल.”