बिनविरोधाचा भंडारा

भंडाऱ्याच्या ताटापुढे प्रश्न विचारायचा नाही, हे वृषालीला लहानपणापासून बजावलेलं. चिमूटभर हळद आणि बेलाचं पान उचलायचं, शब्द द्यायचा, उठायचं.

"पण का?" तिनं विचारलंच.

खंडोबाच्या देवळात बसलेली सगळी डोकी वळली.

ताट मार्तंडबाबांच्या हातात होतं. देवळामागच्या खोलीत राहणारे, मोजकं बोलणारे म्हातारे. वृषालीला पाटीवर पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून दिलेलं. आज तेच गप्प बसले होते, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला होता.

"का म्हणजे?" तिचे चुलते दगडूनाना म्हणाले. "बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले. तुझा एकटीचा राहिलाय. तीनच्या आत तूही घे, म्हणजे आपले बापूसाहेब पुन्हा बिनविरोध आमदार. गावाची शोभा राहते."

बापूसाहेब हसले. "पोरी, पडशील. डिपॉझिट जाईल. कॉलेज शिकलीस ना? एवढं कळत नाही?"

"गेल्या खेपेलाही बिनविरोधच झालात. माझं पहिलं मत तुम्ही सगळ्यांनी इथं बसून खाल्लंत."

"जीभ बघा पोरीची!" नाना ओरडले.

वृषाली बाबांकडे वळली. "बाबा, तुम्हीही हेच सांगणार?"

बाबांनी ताट तिच्यापुढे केलं.

"उचल."

वृषालीनं हात पुढे केला नाही.

"नाहीतर उचलू नकोस."

तिचा संताप झाला. कोडी घालायला यांना हीच वेळ सापडली? तिनं ताटच त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"अगं, अगं!" मागून कुणीतरी म्हणालं. बाईनं ते ताट कधी धरलं नव्हतं.

तिनं ते बापूसाहेबांपुढे नेलं.

"तुम्ही उचला. लोकांनी मला निवडून दिलं, एवढंच म्हणा."

बापूसाहेबांचा हात सवयीनं पुढे आला. बोटं हळदीत टेकली... आणि तिथंच थांबली.

"ते आत्ता कसं म्हणणार? आधी तू अर्ज मागे घे. मग म्हणतो."

"मी मागे घेतल्यावर मत कोण देणार?"

बापूसाहेबांनी हात काढून घेतला. पिवळी झालेली बोटं रुमालाला पुसत राहिले.

"अर्ज मी मागे घेणार नाही," वृषाली म्हणाली. "पडेन, माहीत आहे. पण पाडायचं तर मतं देऊन पाडा."

बाहेर आमदारांच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. तरी कुणी उठलं नाही.

शेवटी नानांनी हात जोडले. "बाबा, तुम्ही तरी हिला समजवा. सगळं गाव बापूसाहेबांच्या मागं आहे."

"मला कशाला सांगता?" बाबा म्हणाले. "मतदानाच्या दिवशी सांगा."