सुलतानाचा नळ

“मग इद्रिसला मठातून कधी काढता, बाबा?”

हम्दीबाबा दोरीपलीकडच्या संगमरवरी नळाकडे बघत राहिले.

रुश्दीच्या मनात पाल चुकचुकली. बाबांनी आज आपल्याला एकट्यालाच इथे का आणलं? इस्तंबूलमधला हा सुलतानांचा जुना राजवाडा, आता संग्रहालय झालेला. सूफी दरवेशांच्या मठातून उठून इथे यायचं कारण काय? दारातला पहारेकरीही मघापासून आपल्यावरच नजर ठेवून आहे, असं त्याला वाटलं. पहारेकरी बिचारा जांभया देत होता.

तसा रुश्दी बाबांचा हुशार शिष्य. पण इद्रिस नावाचा नवा शिष्य बाबांना हात धरून चालवू लागला आणि याच्या पोटात दुखायला लागलं. रोज संध्याकाळी हा बाबांच्या खोलीत हजर. इद्रिस बाजारात कुणाशी तरी कुजबुजतो. इद्रिस तुमच्या माघारी हसतो. इद्रिसचा तुमच्या गादीवर डोळा आहे...

आणि रोज बाबा एकच करत. रुश्दीने तोंड उघडलं की उठून हातपाय धुवायचा नळ सोडत आणि त्याला अगदी खेटून बसत. हा बोलत राही, बाबा मान हलवत राहत.

“आज निकाल लावाच,” रुश्दी म्हणाला. “मठात तो तरी राहील, नाहीतर मी.”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

शेजारी एक वाटाड्या प्रवाशांना सांगत होता, “सुलतानांना काही गुपित बोलायचं असलं की आधी हे नळ सोडायचे म्हणे. भिंतींना कान असतात ना! पाण्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नसे.”

रुश्दीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे बाबांनाही संशय होता तर...

“आत्ता कळलं, बाबा,” तो हळूच म्हणाला. “म्हणून नळ सोडत होतात तुम्ही. इद्रिस दाराआडून ऐकतो, हे तुम्ही ओळखलं होतंत.”

“त्या वेळी इद्रिस कुठे असायचा?”

“चुलीपाशी. मी आधी बघूनच यायचो.”

“मग दाराआड कोण असायचं?”

“...कुणी नाही.”

बाबा चालू लागले. रुश्दी दोन पावलं मागे राहिला, मग धावत जाऊन त्याने त्यांना गाठलं. आता त्याला बाबांचाच संशय यायला लागला होता.

“मग तो नळ कशाला, बाबा? कुणाला ऐकू येऊ नये म्हणून?”

बाबांनी कानावर आलेली टोपी सारखी केली.

“मला.”