दंडावरची मुद्रा आणि मिठाची रास

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही ज्याची आठवण नसेल, इतक्या पूर्वीची ही गोष्ट आहे. समुद्रापासून फार दूर, एका डोंगराच्या उतारावर एक नगर होते. माथ्यावरच्या तलावाचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून घरोघरी येई. हे नळ भुईखालून एका घराच्या पायाला लागून दुसऱ्या घराकडे जात. त्यामुळे एका घरी झालेली चूक पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगणात उगवे.

म्हणून राजाने नियम घातला होता, की ज्याची परीक्षा झाली आहे अशाच कारागिराने नळाला हात लावावा. अशा कारागिराच्या दंडावर तांब्याची मुद्रा बांधलेली असे, आणि ती पाहायला मागण्याचा अधिकार प्रत्येक गृहस्थाला होता. पण त्या नगरातली माणसे मोठी भिडस्त. मुद्रा दाखवा म्हणणे म्हणजे पंगतीत येऊन बसलेल्याला, तुम्हांला निमंत्रण होते का, असे विचारण्यासारखे त्यांना वाटे.

नगराचे मीठ एका गृहस्थाच्या कोठीत असे. पावसाळ्यात घाट बंद होत आणि व्यापाऱ्यांचे तांडे येईनासे होत. तेव्हा सगळ्या नगराच्या जेवणाची चव त्या एका राशीवर अवलंबून राही. हा गृहस्थ प्रामाणिक होता, सावध होता, आणि कोणाचेही मन मोडू नये म्हणून अतिशय जपणारा होता.

पावसाळा तोंडावर आला असताना एका सकाळी त्याची पत्नी लगबगीने कोठीतून बाहेर आली. "भिंत ओली झाली आहे," ती म्हणाली, "आणि आत कुठंतरी पाणी बोलतंय."

त्याने भिंतीला हात लावला. ओल मिठाच्या राशीपासून हातभर दूर होती.

तो मुद्राधारी कारागिराला आणायला धावला आणि चव्हाट्यावर येऊन थबकला. कारागीर राहतो कोठे, हे त्याला ठाऊकच नव्हते. नळ आजवर फुटला नव्हता, म्हणून त्याने कधी चौकशी केली नव्हती. तेल्याने वरच्या आळीकडे बोट दाखवले, कासाराने खालच्या. प्रत्येक वळणावर ती ओल पुढे सरकताना त्याला डोळ्यांपुढे दिसे.

अशा स्थितीत त्याला शेजारचे तात्या भेटले. सगळे ऐकून ते हसले. "अरे, गावभर कशाला हिंडतोस? आमचे जावई कालच आलेत. त्यांच्याकडची नळांची कामं तेच बघतात. घरचा माणूस असताना परक्याचे पाय कशाला धरायचे?"

जावई आले. पत्नीने नवऱ्याला दाराआड ओढले.

"यांच्या दंडावर मुद्रा दिसत नाही. विचारा की."

"तात्यांच्या जावयाला? जन्माचं शेजारपण आहे आपलं."

"मग मी विचारते."

त्याने तिला डोळ्यांनी दटावले आणि जावयांसाठी पाट मांडला, गूळपाणी आणले. जावयांनी गुळाची वाखाणणी केली, सासऱ्यांकडचा गूळ यापुढे फिका म्हणून विनोदही केला. भिंतीतले पाणी बोलतच होते.

मग त्यांनी गिलावा फोडला, नळाच्या भेगेत ताग आणि चुना ठोसून बसवला. आवाज थांबला. "एवढंच होतं," हात पुशीत ते म्हणाले. तात्यांनी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिले, आणि गृहस्थाने कितीतरी वेळाने पोटभर श्वास घेतला. पत्नी मात्र बाहेर पडली आणि मुद्राधारी कारागिराचे घर दारोदार विचारीत निघाली.

मीठ विरघळते तेव्हा आवाज करीत नाही. उन्हे कलल्यावर गृहस्थ कोठीत गेला, तेव्हा कोनाड्याला टेकलेले राशीचे टोक कोनाड्याच्या खाली गेलेले त्याला दिसले. पाहता पाहता ते आणखी खचले. भेगेतली वाट कोंडलेल्या पाण्याने नळाचा पुढचा सांधा फोडला होता, आणि तो सांधा राशीच्या बरोबर खाली होता. तो ओंजळींनी मीठ उपसू लागला. ओंजळीतूनच पाणी गळू लागले.

इतक्यात पत्नी एका वृद्ध कारागिराला घेऊन आली. उंबरठ्याबाहेरच त्याने बाही वर केली आणि दंड पुढे धरला.

"राहू द्या हो," गृहस्थ कळवळून म्हणाला, "वेळ कुठं आहे?"

"आधी बघा," म्हातारा करड्या आवाजात म्हणाला. "घरात कोण शिरतंय ते बघायला वेळ नसेल, तर मी आत येणार नाही."

गृहस्थाने मुद्रा पाहिली. कारागीर आधी गल्लीच्या वरच्या टोकाला गेला, पाण्याचे दगडी दार त्याने लावले आणि मगच कोठीची भुई उकरली. सांधा नवा झाला, पाणी थांबले. पण निम्मी रास गेली होती.

गेलेले मीठ उताराने तात्यांच्या आडात उतरले. त्यांचे पाणी तोंडात धरवेना. जावई दुसऱ्या दिवशी आपल्या गावी गेले, आणि तात्यांनी गृहस्थाच्या घराशी बोलणे टाकले.

पाऊस लागला, घाट बंद झाले. वाटपाच्या वेळी कोठीपुढे माणसे वाट्या घेऊन उभी राहिली. प्रत्येकाला नेहमीच्या निम्मेच मीठ मिळाले. तरी कोणी चकार शब्द काढला नाही. खाली पाहून जो तो निघून जाई. ते मौन गृहस्थाला शिव्यांहून जड झाले.

सर्वांत शेवटी एक म्हातारी आली. तिने वाटीत पाहिले, मग त्याच्याकडे.

"बाबा, ज्याच्या हाती कोठी दिलीस, त्याला मुद्रा विचारली होतीस का?"

"नाही, आजी."

"का रे?"

"वाईट दिसलं असतं."

चिमूटभर मिठावर पावसाचा थेंब पडू नये म्हणून वाटीवर पदर धरून म्हातारी हळूहळू घरी गेली.

ऐकणाऱ्याने एवढे मनात ठेवावे: संकट येण्याआधी अधिकारी माणसाचे घर ठाऊक करून घ्यावे, आणि आपल्या घराला हात लावणाऱ्याचा अधिकार विचारण्यास कधीही लाजू नये.