पंगतीतून कुणाला उठवत नाहीत

“मग बाहेर कुणाला काढायचं, बुवा? तेवढंच सांगा.”

नलवडे सरांनी पुन्हा तेच विचारलं. आमच्या मठाचे बुवा संध्याकाळच्या भाजीसाठी घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांनी एक शेंग सरांच्या हातात दिली.

“आधी दोरा काढा.”

नलवडे सर म्हणजे खालच्या कॉलेजातले बास्केटबॉलचे कोच. दिल्लीकडं जाऊन मोठा कोर्स करून आलेले, गळ्यात कायम शिट्टी. माणूस चांगला, पण कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा. त्या दिवशी मात्र गड्याचा चेहरा पार उतरला होता. दुसऱ्या दिवशी फायनल, आणि हे सगळा संघ घेऊन डोंगर चढून मठात आलेले.

मी चुलीपाशी लापशी ढवळत होतो. मठाचा स्वयंपाक माझ्याकडं असतो. चार हात लांब बसून बोलत होते, तेव्हा कान बंद करायची माझीही काही गरज नव्हती.

“बाकीचे कोच रडतात, चांगली पोरं नाहीत म्हणून,” सर म्हणाले. “माझं उलटं झालंय. बारा पोरं आहेत आणि बाराच्या बारा वाघ. मैदानात पाचच उभे राहतात. खेळ चाळीस मिनिटांचा. तो वाटू कसा?”

“मधे बदलता येतात का?”

“कितीही वेळा. तीच तर पंचाईत. बदलता येतं म्हणून प्रत्येकाला वाटतं, आता माझीच पाळी.”

“मग सारखा वाटा.”

“वाटला की! घड्याळ लावून वाटला. पोरगं आत गेलं आणि हातात बॉल आला, की फेकलाच बास्केटकडं. दुसऱ्याला द्यायचं नाव नाही. विचारलं तर म्हणे, सर, माझी मिनिटं संपत आली होती.”

बुवा हसले. मलाही हसू आवरेना, उलथन्याचा आवाज मोठा केला.

“मग सगळ्यात चांगले पाच निवडले,” सर म्हणाले. “बाकीचे सात तोंड फुगवून बसले.”

“आणि आता?”

सरांच्या हातातली शेंग काही मोडेना…

“मास्तर, बारा जणांवर नाही अडलंय तुमचं. कुणा एकावर अडलंय.”

सरांनी ओसरीकडं पाहिलं. तिथं पोरं चपला काढून टेकली होती. खांबाला पाठ लावून बसलेल्या एका दांडग्या पोराकडं त्यांची नजर गेली आणि लगेच परत आली.

“कुणाल जाचक. आमचा कॅप्टन. बास्केटखालची जागा त्याची. तसं पोर जिल्ह्यात नाही, खोटं कशाला बोलू. पण दमला तरी बाहेर यायचा नाही. बोलावलं तर टॉवेल आपटतो, दोन-दोन दिवस बोलत नाही, आणि त्याच्यामागं निम्मा संघ रुसतो. परवा सेमीफायनलला शेवटी शेवटी त्याच्या पायात जीव राहिला नव्हता. एका गुणानं वाचलो, ते नशीब आमचं.”

“त्याच्या जागेवर दुसरा कुणी नाही?”

“आहे ना! तो बघा, पायरीवर बसलाय तो उंच. सिद्धाप्पा बिराजदार, जतकडचा. इतका गुणी पोरगा, पण त्याला आत घालायला जागा तर मोकळी व्हायला हवी. काल माझ्याकडं आला. म्हणाला, सर, फायनल झाली की मी गावी जातो. नुसतं बसायला घर सोडून आलो नव्हतो.”

सरांचा आवाज खाली आला.

“एकाला काढावं तर तो जातो. न काढावं तर दुसरा जातो. आणि दोघांच्या मधे माझी फायनल जाते.”

“मॅच चालू असताना तुम्ही काय करता?”

“बदली मागायला उठतो… आणि कुणालकडं बघून परत खाली बसतो.” सरांनी ओसरीकडं पाठ केली. “खरं सांगू का, बुवा? मी त्या पोराला भितो.”

बुवांनी त्यांच्या हातातली शेंग काढून घेतली, दोरा ओढला, मोडली आणि टोपलीत टाकली.

“चला,” ते म्हणाले. “पानं मांडायची वेळ झाली.”

आमची ओसरी लहान. एकच ओळ बसते, बाकीचे मागं उभे राहतात. म्हणून मठात पहिल्यापासून एक रीत आहे. पंगतीतून कुणाला उठवायचं नाही. ज्याचं पोट भरलं त्यानं आपण होऊन उठायचं, स्वतःचं पान उचलायचं, जागा पुसायची, आणि मागं जो उभा असेल त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं नवं पान मांडून त्यावर मीठ वाढायचं. मीठ पडल्याशिवाय आम्ही वाढपी त्या पानाला हात लावत नाही.

पोरांना म्हटलं, हातपाय धुऊन बसा. आता गंमत ऐका. पाच जण येऊन पानावर बसले आणि सात जण भिंतीला लागून ओळीनं उभे राहिले. कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. उभे राहा म्हणून त्यांना कुणीसुद्धा सांगितलं नव्हतं!

बुवा आमटीची बादली घेऊन आले आणि बघतच राहिले.

“ह्या सात जणांना उपास आहे का?”

“नाही,” कुणाल बसल्या जागेवरून म्हणाला. “ते बेंचवर असतात.”

“जेवायलासुद्धा?”

पोरं खो खो हसली. सर कानापर्यंत लाल झाले. तोवर उरलेल्या पानांवर गावातली माणसं येऊन बसली होती, ओळ भरली. सात जण हसत हसत उभेच राहिले. एक सिद्धाप्पा तेवढा हसला नाही. तो नेमका कुणालच्या पाठीमागं होता.

जेवण सुरू झालं. भात, आमटी, वांग्याची भाजी आणि गुळाची लापशी. डोंगर चढून आलेली पोरं, त्यात चुलीवरचं. मी तर वाढता वाढता खूश. वाढप्याला आणखी काय लागतं!

हळूहळू माणसं उठू लागली. पहिल्या पाचातला एक उठला, जागा पुसली, मागच्या मित्रासाठी पान मांडलं, मीठ वाढलं. “बसा साहेब,” असं वर म्हणाला. मग दुसरा उठला. मग आणखी दोघं. थट्टा चालू होती, पण रीत सगळे बरोबर पाळत होते.

कुणाल काही उठेना.

त्यानं एकदा मागं वळून बघितलं. मागं कोण उभं आहे ते त्याला दिसलं. पुन्हा पानाकडं तोंड केलं.

“माझं व्हायचंय अजून,” तो म्हणाला.

“होऊ दे की,” बुवा म्हणाले. “लापशी वाढू?”

“वाढा.”

बुवांनी वाढली. कुणालनं खाल्ली.

“वाढू?”

“वाढा.”

असं चाललं. आता पोट भरल्याचं आंधळ्यालाही कळलं असतं. घास तोंडात नुसता फिरत होता. कपाळावर घाम आला होता. पण बाहेर जायचं नाही म्हणजे नाही, मग ते मैदान असो की पंगत.

कडेला बसलेल्या सरांना राहवेना, ते उठले.

“कुणाल, पुरे आता. ऊठ.”

“मास्तर,” बुवा तिथूनच म्हणाले, “इथं कुणाला उठवत नाहीत.”

सर खाली बसले. बहुतेक सवयीनंच.

माझा जीव मात्र वरखाली. पातेल्याचा तळ दिसायला लागला होता. मी बुवांच्या कानाशी लागलो.

“बुवा, हे एकटंच सगळी लापशी संपवील. मागच्यांना काय वाढू, माझं डोंबल?”

“आहे ती वाढ.”

“अहो, पण…”

“वाढ म्हणतो ना.”

मला राग आला होता, कशाला लपवू? एवढ्या मायेनं केलेला पदार्थ कुणी हट्टानं गिळावा, हे बघवत नाही. पण बुवांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, की टोमणा नव्हता. पहिल्या वाढीला ते जसे वाकले होते, तसेच आत्ताही वाकत होते. तेवढंच तूप, तेवढीच विचारपूस. “गोड झालीय ना, बाळ? सावकाश खा.”

कुणालनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटतं, तो बोलणी बसायची वाट बघत होता. कुणी रागावलं असतं तर त्याला आणखी दोन वाट्या गेल्या असत्या. इथं रागवायलाच कुणी तयार नव्हतं…

आधीच्या ओळीतला तो एकटाच उरला होता. त्यानं आणखी एक घास घेतला, आणि त्याला जोराचा ठसका लागला.

वाढपी पाण्यासाठी धावायच्या आत त्याच्या खांद्यावरून एक हात पुढं आला. हातात झाकण काढलेली बाटली. सिद्धाप्पाचा हात. टाइमआउटला तोच त्याला पाणी द्यायचा, वर्षभर.

कुणाल घटाघट प्यायला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते ठसक्यानं असेल. बाटली परत देताना तो वळला.

“तू जेवला नाहीस अजून?”

“तू उठलास की जेवतो,” सिद्धाप्पा म्हणाला.

त्याच्या बोलण्यात काही टोचणं नव्हतं. भूक लागली होती पोराला, बस.

बुवा पातेलं घेऊन पुन्हा वाकले. “वाढू?”

कुणालनं पानावर आडवा हात धरला.

“पोट भरलं, बुवा.”

“भरलं?”

“मघाशीच भरलं होतं.”

तो उठायला गेला आणि उठता येईना! सिद्धाप्पानं हात दिला, दुसऱ्या एकानं पाठीमागून ढकललं, तेव्हा कुठं स्वारी उभी राहिली. आख्खी ओसरी हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. मग पोट धरून वाकला, पान उचललं, जागा पुसली. नीट पुसली, कोपऱ्यापर्यंत. नवं पान मांडलं. मीठ वाढलं.

“बस, सिद्धा.”

सिद्धाप्पा बसला. कुणालनं माझ्या हातातली आमटीची बादली काढून घेतली आणि त्याला स्वतः वाढायला लागला. भात वाढला, भाजी वाढली. लापशीच्या पातेल्यात डोकावला आणि त्याचं तोंड उतरलं. तळाशी नुसती खरवड राहिली होती.

“सगळी मीच खाल्ली रे,” तो म्हणाला. “वाईट वाटतंय.”

“खरवडून दे की,” सिद्धाप्पा म्हणाला. “मला तीच आवडते.”

कुणालनं एवढा मोठा गडी असून मांडी घालून पातेलं पुढ्यात घेतलं आणि उलथन्यानं खरवड काढत बसला. करपलेला गूळ, भाजका रवा, सगळं निघालं. सिद्धाप्पा बोटं चाटून जेवला. माझा राग कधी गेला, मलाच कळलं नाही. पातेलं तर इतकं स्वच्छ निघालं की घासायचं कामच उरलं नाही.

हात धुताना कुणाल सरांपाशी आला. ओले हात टॉवेलला पुसले.

“सर, उद्या दमलो की मी मूठ वर करीन.”

त्यानं सिद्धाप्पाकडं बोट दाखवलं.

“मूठ वर केली की ह्याला पाठवा. बोलवायची गरज नाही पडणार.”

“आणि मी दमलो तर?” सिद्धाप्पानं तोंड पुसत विचारलं.

“तर तूही मूठ वर कर. पण लगेच नको करूस हां, माझं पोट उतरू दे.”

“मग गावी जायचं राहिलंच म्हणजे,” सिद्धाप्पा म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

सर वळून कडुनिंबाकडं गेले. तिथं उगाच शिट्टी पुसत उभे राहिले. डोळे पुसायचे होते, पण पोरांसमोर कसे पुसणार? माणूस सुखावला होता, एवढं मला दिसलं.

पोरं गोंधळ घालत डोंगर उतरायला लागली. सगळ्यांचं झाल्यावर बुवा जेवायला बसले. भात आणि आमटी, एवढंच उरलं होतं. मी त्यांच्या पानावर मीठ वाढलं.

सर पायऱ्या उतरून गेले होते, ते परत आले. चपला न काढता ओसरीखालीच उभे राहिले.

“बुवा, एकच राहिलं. आज तो उठला. पण समजा… उठलाच नसता तर?”

बुवांनी भात कालवला. घास तोंडात घालून सावकाश संपवला.

“तर मी वाढत राहिलो असतो.”